चार चाकांची ओढ

बाळकुममध्ये बर्फ पडत नाही, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही. येथील हिवाळा म्हणजे पहाटे कशेळीच्या खाडीवर उतरणारे धुके आणि कपाटातून पंधरा दिवसांपुरता बाहेर येणारा स्वेटर. तरीही बाळकुमच्या नव्या उंच इमारतींच्या वाहनतळांवर गेल्या काही वर्षांत एका विशिष्ट जातीच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. उंच, रुंद, मोठ्या टायरांच्या या गाड्यांपैकी काहींच्या पाठीवर 'फोर बाय फोर' अशी धातूची अक्षरे असतात. ती गाडी नाक्यावरच्या रहदारीत अडकते आणि संध्याकाळी तळघरात परतते. ज्या बर्फासाठी आणि चिखलासाठी तिला चारही चाकांची ओढ दिलेली असते, तो बर्फ येथून सुमारे दोन हजार किलोमीटरांवर असतो.

आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी अशी गाडी घेण्याच्या विचारात होते. अर्थशास्त्र शिकवणारे हे सर एके दिवशी प्राध्यापक-कक्षात आमच्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, "विक्रेता सांगतो, एक असते फोर व्हील ड्राइव्ह आणि दुसरी ऑल व्हील ड्राइव्ह. गाडीला चाके चारच. मग 'चार' आणि 'सगळी' यांत फरक काय? तुम्ही भाषेची माणसे, तुम्हीच सांगा. आणि डिसेंबरात मुलांना घेऊन मनालीला जायचे, तर यांतली कोणती घ्यावी?"

तेव्हा आम्ही दोघे हसलो. पुढे या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा लक्षात आले की प्रश्न शब्दांचा आहे तसाच इतिहासाचाही आहे, आणि त्या इतिहासाचा एक मोठा भाग आमच्या दारावरून जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यालगत घडलेला आहे. सरांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हाला आणखी एक कारण होते. ते शेवटी सांगू.

प्रथम शब्दाकडे वळू. मराठीत 'चारचाकी' म्हणजे मोटारगाडी. 'दुचाकी' म्हणजे मोटारसायकल किंवा स्कूटर. आपण चाके मोजतो ती गाडीखाली किती आहेत एवढ्यापुरती. त्यांपैकी किती चाके गाडीला पुढे नेण्याचे काम करतात, हा प्रश्न आपल्या भाषेला कधी पडलाच नव्हता, आणि तो पडण्याचे कारणही नव्हते. बैलगाडीचे चाक गाडी ओढत नाही. ते आसाभोवती नुसते फिरते. ओढ बैलांची असते आणि जमिनीवरची पकडही बैलांच्या खुरांची. आरे, धाव, आस असे चाकाचे बारीकसारीक अवयव सांगणारे शब्द आपल्याकडे आहेत. पण 'ओढणारे चाक' आणि 'नुसते फिरणारे चाक' असा भेद सांगणारा शब्द नाही. मोटारीने हा संबंध उलटा केला. तिच्यात चाक स्वतःच ओढू लागले. मग कोणती चाके ओढतात याला महत्त्व आले. मुंबईच्या टॅक्सीतून घराघरांत परिचित झालेल्या प्रीमियर पद्मिनीत मागची दोन चाके ओढत. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढची दोन ओढू लागली. आपल्या बोलण्यात दोन्ही गाड्या 'चारचाकी'च राहिल्या. वस्तुतः दोन्ही दोनचाकी ओढीच्या होत्या.

चारही चाकांनी ओढावे, ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. ब्रामा जोसेफ डिप्लॉक या इंग्रज अभियंत्याने १८९३ साली वाफेवर चालणाऱ्या वाहनासाठी तिचे पेटंट घेतले. पेट्रोलवर चालणारी अशी पहिली मोटार १९०३ साली हॉलंडमधील स्पायकर बंधूंनी बनवली. या गाडीची एक गोष्ट आमच्या विषयासाठी फार मोलाची आहे. तिची चारही चाके ओढत असत, एवढेच तिचे वैशिष्ट्य नव्हते. तिचे ब्रेकही चारही चाकांना थोपवत असत. त्या काळच्या बहुतेक गाड्यांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांपुरते होते. म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या पहिल्या माणसांना, जोर वाढवला तर आवरही वाढवला पाहिजे, हे कोणी सांगावे लागले नव्हते. पुढे काळाने या जोडगोळीची फारकत केली. चारही चाकांचे ब्रेक सार्वत्रिक झाले, अगदी साध्यातल्या साध्या गाडीतही आले. चारही चाकांची ओढ मात्र दुर्मीळ आणि महाग राहिली. दुर्मीळ वस्तूची जाहिरात होते, सार्वत्रिक वस्तूची होत नाही. आजच्या गैरसमजाचे मूळ आम्हाला येथे दिसते.

ती दुर्मीळ का राहिली, हे समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र पाहावे लागेल. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांबचा फेरा घ्यावा लागतो. प्रदक्षिणेत बाहेरून चालणाऱ्याला जास्त पावले टाकावी लागतात, तसेच हे. म्हणून एका आसावरच्या दोन ओढत्या चाकांमध्ये त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची एक रचना असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. पण वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्गही सारखे नसतात. पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान वर्तुळातून. मागची आणि पुढची चाके एकाच दांड्याने घट्ट जखडली, तर कोरड्या, कठीण रस्त्यावर वळताना ती एकमेकांशी भांडू लागतात. गाडी अडखळते, टायर घासतात, यंत्रावर ताण साचत जातो. चिखलात, वाळूत किंवा बर्फात मात्र चाके थोडी घसरू शकतात आणि साचलेला ताण त्या घसरण्यातून निघून जातो.

'फोर व्हील ड्राइव्ह' आणि 'ऑल व्हील ड्राइव्ह' यांतील फरक या भांडणाच्या सोडवणुकीत आहे. पहिल्या पद्धतीत चालकाने निर्णय करायचा. नेहमी दोन चाकांवर चालायचे. चिखल किंवा बर्फ दिसला की दांडा ओढून पुढचा आस जोडायचा. कोरडा रस्ता आला की सोडवायचा. या गाड्यांत बहुधा आणखी एक जोड असते. तिला 'फोर लो' म्हणतात. तिच्यात गाडी फार हळू चालते, पण चाकांचा जोर पुष्कळ वाढतो, आणि उतारावर इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. दुसऱ्या पद्धतीत निर्णय यंत्राचा. पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल किंवा आपोआप जोडला जाणारा क्लच असतो. चाक घसरू लागताच जोर कोठे किती धाडायचा ते यंत्र ठरवते, आणि चालकाला पुष्कळदा ते कळतही नाही. कंपन्यांनी नावांची ही सीमारेषा नेहमीच पाळली आहे असे नाही. पण प्रश्न 'चार की सगळी' हा नसून 'निर्णय कोणाचा' हा आहे, एवढे लक्षात ठेवले तर नावे गोंधळात टाकत नाहीत.

पहिल्या पद्धतीला जगभर पोहोचवले ते युद्धाने. १९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाके ओढणाऱ्या वाहनाची मागणी केली. बॅन्टम या लहानशा कंपनीने पहिला नमुना दिला आणि विलीज व फोर्ड या कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धात अशी सहा लाखांहून अधिक वाहने तयार केली. हीच जीप. तिच्यात मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे असत. एक पुढचा आस जोडण्यासाठी आणि दुसरा जोर वाढवण्यासाठी. तो केव्हा ओढावा हे शिपायाला शिकवले जाई. जीप चालवणे हे कौशल्य होते, आणि ते कौशल्य गाडीबरोबर विकत मिळत नव्हते.

जीप आपल्याकडे आली ती मुंबईच्या माझगाव भागात. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर तिचे एक भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. सुटे भाग बोटीने आणून माझगावात विलीज जीप जोडली जाऊ लागली आणि पुढे कारखाना कांदिवलीत विस्तारला. त्याच सुमारास काश्मीरच्या युद्धासाठी सैन्याला जीपगाड्या हव्या होत्या. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी १९४८ साली केलेल्या सुमारे ८० लाख रुपयांच्या करारातून देशात पोहोचल्या अवघ्या १५५ जीपगाड्या. स्वतंत्र भारतातील आरंभीच्या घोटाळ्यांत या 'जीप प्रकरणा'ची गणना होते. डोंगर आणि बर्फ यांच्याशी आपल्या प्रजासत्ताकाची पहिली गाठ पडली तेव्हा चार ओढत्या चाकांची किंमत अशी कळून आली.

महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र जीप वेगळ्या रूपाने शिरली. मामलेदाराची जीप, गटविकास अधिकाऱ्याची जीप, निवडणुकीतली जीप. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या चिखलातून, कच्च्या रस्त्यांवरून जाऊ शकणारे वाहन सरकारजवळच असे. म्हणून ग्रामीण मराठी कथेत जीप आली की सरकार आले, असे समजायला हरकत नसते. पुढे रस्ते झाले, आणि जीप सरकारकडून प्रवासी वाहतुकीकडे गेली. पश्चिम महाराष्ट्रात जिला 'वडाप' म्हणतात, ती माणसांनी खच्चून भरलेली जीप ही याच वंशातली. तिला चार ओढत्या चाकांचे काय काम? पुढचा ओढता आस म्हणजे जास्त वजन, जास्त किंमत आणि जास्त डिझेल. वडापसाठी विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्यांतून तो गेला. आकार जीपचा राहिला, नाव जीप राहिले, ओढ मात्र मागच्या दोन चाकांची झाली. अर्थ बदलला तरी शब्द तोच राहतो, हे आम्ही वर्गात अर्थविस्ताराची उदाहरणे देऊन शिकवतो. हे उदाहरण रस्त्यावर धावत होते, आमचे तिकडे लक्ष गेले नव्हते.

दुसऱ्या पद्धतीचा, म्हणजे यंत्राने निर्णय करण्याचा इतिहास युरोपच्या हिवाळ्याने घडवला. आपल्या शेतकऱ्यांना ज्यांचे नाव ट्रॅक्टरमुळे माहीत आहे, त्या हॅरी फर्ग्युसन यांच्या संस्थेने ही रचना प्रवासी मोटारीसाठी विकसित केली. (पुण्याच्या महाविद्यालयाशी या फर्ग्युसनांचा संबंध नाही, हे आमच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे.) १९६६ साली इंग्लंडमधील जेन्सन कंपनीने ती रचना आपल्या 'एफएफ' या मोटारीत बसवली. अशा अवघ्या ३२० गाड्या तयार झाल्या. पण याही गाडीत स्पायकरचीच गोष्ट पुन्हा दिसते. चारही चाकांच्या ओढीबरोबर तिच्यात चाके जखडू न देणारे ब्रेक होते, विमानांसाठी तयार झालेल्या तंत्रावर आधारलेले. जोर आणि आवर पुन्हा एकदा बरोबरच आले होते.

या पद्धतीला कीर्ती मिळाली ती आउडीच्या 'क्वात्रो'मुळे. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात आउडीचे अभियंते पुढची चाके ओढणाऱ्या आपल्या शक्तिमान मोटारींची चाचणी घेत होते. त्यांच्यासोबत जर्मन सैन्यासाठी तयार होत असलेली 'इल्टिस' ही जीपच्या जातीची गाडी होती. इंजिनाची शक्ती कितीतरी कमी असूनही बर्फावर इल्टिसने त्या मोटारींना मागे टाकले. म्हणजे प्रवासी मोटारीला धडा दिला तो सैन्याच्या गाडीनेच. १९७८ च्या जानेवारीत त्यांच्या नव्या नमुन्याने ऑस्ट्रियातील टुराख खिंडीचा तब्बल २३ टक्क्यांचा बर्फाळ चढ साखळ्या न लावता, उन्हाळी टायरांवर चढून दाखवला. १९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो जगापुढे आली.

टुराखची ही कथा पुष्कळदा सांगितली जाते, आणि ती चढण्याची कथा आहे हे कोणी लक्षात घेत नाही. त्याच गाडीला त्याच उन्हाळी टायरांवर त्याच खिंडीतून उतरून एखाद्या वळणावर थांबायला सांगितले असते तर? क्वात्रोचा जन्म ज्या जर्मनीत झाला, तिथल्या कायद्याने २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला हिवाळी परिस्थितीला योग्य टायर लावणे स्पष्टपणे बंधनकारक केले आहे. कायदा टायर मागतो, चारही चाकांची ओढ मागत नाही.

असे का, हे साध्या गणिताने कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून साधारण ९ मीटरांत थांबू शकते. दबलेल्या बर्फावर पकड इतकी कमी होते की तीच गाडी सुमारे ३० मीटर जाते, आणि गोठलेल्या पाण्याच्या काचेसारख्या थरावर ६० मीटरांच्याही पुढे. या हिशेबात गाडीची किती चाके ओढतात याला स्थान नाही. थांबवताना प्रत्येक गाडी चारचाकीच असते, कारण ब्रेक सर्वांनाच चार चाकांवर असतात. पकड देतो तो फक्त टायर. तापमान सुमारे ७ अंशांच्या खाली गेले की आपल्याकडच्या नेहमीच्या टायराचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायराचे रबर मऊ राहते आणि त्याच्या खाचा बर्फ धरतात. चारही चाकांची ओढ गाडीला चालू करते, चढवते, रुतल्यावर बाहेर काढते. ती थांबवत नाही. उलट, निघताना चाक घसरले नाही म्हणून रस्ता निसरडा आहे हेच चालकाला कळत नाही, आणि कळते ते ब्रेक दाबल्यावर.

हे सत्य ठाणे जिल्ह्याला १८६५ पासून माहीत आहे. बाळकुमवरून जाणारा जुना आग्रा रस्ता भिवंडीकडून पुढे महामार्गाला मिळतो, शहापूर मागे टाकतो आणि कसारा घाटाच्या पायथ्याशी येतो. येथे रस्त्याच्या जोडीला लोहमार्ग आहे. त्या साली तो घाट चढून इगतपुरीला पोहोचला. ३७ फुटांमागे एक फूट असा हा चढ आहे. पुढचे एकटे इंजिन गाडी ओढून नेऊ शकत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढून ओढ आणि मागून रेटा, ही एका अर्थी आगगाडीची चारचाकी ओढच. पण ज्यांनी घाटाचा लोहमार्ग आखला ते तेथे थांबले नाहीत. उतरणाऱ्या गाडीसाठी त्यांनी वेगळी योजना केली. मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा एक आंधळा फाटा ठेवला. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. उतरताना ताबा सुटलेली गाडी त्या फाट्यावर जाते आणि चढामुळे थांबते. चढण्याचा उपाय निराळा, थांबण्याचा निराळा, आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही, हे घाटात लोखंडाने लिहून ठेवलेले आहे. नाशिकला जाताना आम्ही ते शेकडो वेळा खिडकीतून पाहिले आहे.

आणि याच घाटमाथ्यावर, इगतपुरीत, महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे, आणि पुढे नाशिकला गाड्यांचा. नाशिकच्या कारखान्यातून आलेली नवी थार २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. तिच्यात जीपचा तो जुना दांडा आहे. दुसऱ्या पद्धतीची, यंत्राने निर्णय करणारी गाडीही याच कंपनीने चाकणच्या कारखान्यात २०११ पासून एक्सयूव्ही ५०० मध्ये आणली होती. म्हणजे सरांना पडलेल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू महाराष्ट्रातच घडत होत्या. थार बाजारात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ ऑक्टोबर २०२० रोजी, हिमाचल प्रदेशात रोहतांग खिंडीच्या पोटातून जाणाऱ्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले.

या दोन तारखांचे लागोपाठ येणे हा योगायोग आहे. पण दोन्ही घटनांनी मिळून जे केले तो योगायोग नाही. बोगद्यापूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळाभर बर्फाने बंद असे. मनालीला गेलेला ठाण्याचा पर्यटक डिसेंबरात लाहौलला जाऊच शकत नसे. बर्फात गाडी चालवण्याचा प्रश्न त्याच्यापुढे फारसा येत नसे, कारण त्याच्यापुढे रस्ताच नव्हता. बोगद्याने रस्ता दिला आणि नव्या गाड्यांनी आत्मविश्वास. बर्फ पडला की सोलंगच्या पुढे फक्त 'फोर बाय फोर' गाड्या किंवा साखळ्या लावलेली वाहने सोडण्याचा नियम तेथील पोलीस लावतात, आणि तो योग्यच आहे. पण नियम ऐकणारा त्यातून भलताच अर्थ काढतो. या गाड्यांना जाऊ देतात, म्हणजे या गाड्यांना काही होत नाही. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान बर्फात शेकडो वाहने अडकून पडली आणि पर्यटकांना रात्री बाहेर काढावे लागले. तिकडच्या हिवाळ्यातील चित्रफितींत चारही चाके फिरवणाऱ्या गाड्याही उतारावर आडव्या होऊन, कोणीतरी हळूच ढकलल्यासारख्या, खाली सरकताना दिसतात. त्यात २०२३ च्या जानेवारीपासून थारही फक्त मागची दोन चाके ओढणाऱ्या, स्वस्त प्रकारात मिळू लागली. दिसायला तीच. वडापच्या जीपची गोष्ट पुन्हा एकदा घडली.

आता आमचे कारण. बोगदा सुरू झाल्यानंतरच्या एका डिसेंबरात आम्ही दोघे आपापल्या कुटुंबांसह मनालीला गेलो होतो. भाड्याची गाडी 'फोर बाय फोर' होती, चालक तेथलाच होता. सोलंगला लहान गाड्या माघारी धाडत होते, आम्हाला सोडले. चढताना गाडी कोठेही अडखळली नाही. त्या न अडखळण्याचा आम्हाला अभिमान वाटला, जणू तो आमचाच पराक्रम होता. परतीच्या वेळी ऊन उतरले होते. बोगद्यातून बाहेर आल्यावर चालकाने गाडी कडेला घेतली आणि साखळ्या लावतो म्हणाला. त्याला अर्धा तास लागला असता. मुले गारठली होती, रात्रीचे जेवण चुकेल असे वाटत होते. आमच्यापैकी एकाने त्याला विचारले, "फोर बाय फोर है ना? फिर चेन किसलिए?" दुसऱ्याने मान डोलावली. त्या भल्या माणसाने गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर, डोंगराच्या सावलीत, रस्ता ओला दिसत होता. ते पाणी नव्हते. रस्त्याच्याच रंगाचा बर्फाचा पातळ थर होता. पुढे एक गाडी आडवी थांबलेली दिसली. चालकाने ब्रेक दाबला आणि काहीच झाले नाही. गाडी आवाज न करता, सरळ, आपल्याच लयीत जात राहिली. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. चालकाने चाक डोंगराच्या बाजूला वळवून ठेवले होते. शेवटी तेथल्या बर्फाच्या ढिगात गाडीचे नाक शिरले आणि ती थांबली. दुसऱ्या बाजूला ढीग नव्हता, दरी होती. कोणाला काही झाले नाही. चालक खाली उतरला आणि एक शब्द न बोलता साखळ्या लावू लागला. आम्ही दोघे त्याला हात द्यायला गेलो, पण आमचे हात इतके थरथरत होते की साखळीची कडी धरता येईना.

त्या दिवशीची चूक गाडीची नव्हती, चालकाची नव्हती आणि रस्त्याचीही नव्हती. ज्याला ते यंत्र कळत होते त्याचा निर्णय आम्ही एका शब्दाच्या भरवशावर बदलला होता. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे वीस वर्षे वर्गात सांगणाऱ्या दोन मराठीच्या प्राध्यापकांना 'फोर बाय फोर' हा शब्द कशाबद्दल बोलतो आणि कशाबद्दल गप्प राहतो, हे विचारावेसे वाटले नाही.

म्हणून सरांना आम्ही पुढीलप्रमाणे सांगितले. डिसेंबरात रस्ता कोठे कोरडा, कोठे बर्फाचा असा मिसळलेला असतो. तेथे प्रत्येक वळणावर दांडा ओढणे-सोडणे नवख्या माणसाला जमत नाही, म्हणून निर्णय यंत्रावर सोपवणारी ऑल व्हील ड्राइव्ह सोयीची. न काढलेल्या खोल बर्फात, खडकाळ वाटेवर, तीव्र चढ-उतारावर 'फोर लो' असलेली फोर व्हील ड्राइव्ह सरस, पण तिचा दांडा केव्हा ओढायचा हे शिकलेले असावे आणि कोरड्या रस्त्यावर तो सोडवण्याची सवय असावी. मात्र दोन्हींपैकी कोणतीही घेतली तरी ती फक्त जाण्याची तरतूद आहे. थांबण्याची तरतूद म्हणजे टायर, साखळ्या, कमी वेग, पुढच्या गाडीपासून राखलेले अंतर आणि तेथल्या चालकाचे ऐकणे. ही दुसरी तरतूद गाडीच्या पाठीवर अक्षरांनी लिहिलेली नसते.

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "साखळ्या लावायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास," आम्ही दोघे एकदमच म्हणालो.